ही शेगडीच मां रे?

खोका उघडल्यावर काकीने आतली वस्तू दोन्ही हातांनी उचलली, उलटी केली, पाय उघडून परत मिटले, बुडाची भोकं बोटाने चाचपली आणि म्हणाली, "ही शेगडीच मां रे?"

"काकी, हा पोर्टेबल बार्बेक्यू आहे."

"कितक्याक?"

"अठराशे."

यावर ती काही बोलली नाही. आमच्याकडे किंमत ऐकून माणूस गप्प झालं की विषय संध्याकाळपर्यंत तीन वाड्या फिरून येणार हे धरून चालावं. काकी तेव्हा पडवीत जुन्या सुती लुगड्यांचे तुकडे करत बसली होती. धाकटी, म्हणजे माझी चुलत बहीण, पावसात बाळंतपणाला यायची होती आणि दुपट्यांची तयारी फेब्रुवारीतच सुरू झाली होती. दोन तुकडे फाडून झाल्यावर तिने वर बघितलं. "घरात होती ती शेगडी भंगारात घातलंव, आणि तू विकत घेवन इलंस."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला पुढचं सांगायचं तर अजून बाकी होतं, की आज रात्री आम्ही घरी झोपणार नाही. भोगव्याच्या किनाऱ्यावर तंबू ठोकणार. घरापासून गाडीने पंधरा मिनिटं.

"घर आसताना भायर कित्याक निजूचा?"

हा प्रश्न मी पुण्याहून निघाल्यापासून टाळत होतो. ऑफिसातले दोघे बरोबर होते, एक कोल्हापूरचा आणि एक नागपूरचा. दोन वर्षं दोघांनी भुणभुण लावली होती, तुझं कोकण दाखव. आता कोकण दाखवायचं म्हणजे काय दाखवायचं? घरी नेलं असतं तर काकीने माजघरात सतरंज्या घातल्या असत्या, सकाळी आंबोळ्या केल्या असत्या, आणि त्यांनी फोटो काढले असते तुळशीवृंदावनाचे. मला त्यांच्यावर छाप पाडायची होती. समुद्र, तंबू, निखाऱ्यावर मासा. जाहिरातीत असतं तसं. खरं सांगायचं तर मी त्या दोन दिवसांत माझ्याच गावात पर्यटक म्हणून गेलो होतो, आणि यजमान असल्याचा आव आणत होतो.

*

भोगव्याचा किनारा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उत्तरेच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते, पलीकडे देवबागची अरुंद पट्टी दिसते. दक्षिणेला निवतीच्या किल्ल्याची टेकडी. मधे लांबच लांब वाळू, तिच्या मागे माड. माझ्या मामेभावाची तिथे माडांची बाग आहे, त्यामुळे कुणाला विचारायचा प्रश्न नव्हता. संध्याकाळी पाचला पोचलो आणि सावली बघून तंबू ठोकायला घेतला. मामेभाऊ कमरेवर हात ठेवून बघत उभा राहिला. दुसरी मेख ठोकून झाल्यावर म्हणाला, "डोक्यार नारळ पडलो म्हणजे?"

वर बघितलं. बरोबर तंबूच्या माथ्यावर नारळांचा घड. ज्याचं लहानपण माडांत गेलं त्याने माडाखाली तंबू लावावा! पुण्यात सतरा वर्षं राहिलं की मान वर करून चालायची सवय जाते. तंबू उघड्यावर हलवला. मग सुरूच्या झाडांकडे मोर्चा वळवला, तर तिथे जमिनीवर सुरूच्या वाळक्या सुयांची जाड गादी. त्यावर एक ठिणगी पडली तर बार्बेक्यू राहू दे, बागच पेटायची. शेवटी भरतीच्या रेषेच्या वर आणि सुरूच्या खाली अशी मोकळ्या वाळूची जागा सापडली. मामेभावाने बागेच्या दगडी गडग्यातले दोन चिरे आणून टाकले. "हेच्यार ठेव. रेवेत ठेवलंस तर पाय रुततले आणि भोका बंद." जांभ्याच्या त्या दोन चिऱ्यांवर अठराशे रुपयांचा बार्बेक्यू चढला आणि तिथेच त्याचं सगळं पोर्टेबलपण संपलं. चिरे कोण उचलून नेणार?

आता आमच्या पहिल्या रात्रीची कथा. ती लांबवण्यासारखी नाही, पण तिच्यात इतक्या चुका आहेत की काही सांगितल्या पाहिजेत.

पहिली चूक, नवी जाळी घरी एकदा रिकामीच तापवून घेतली नाही. कारखान्यातून आलेल्या पत्र्यावर तेल असतं, रंग असतो. तो आमच्या पहिल्या तुकड्यांवर उतरला. दुसरी चूक कोल्हापूरकराची. कोळसा पेटेना म्हणून त्याने गाडीतली सॅनिटायझरची बाटली आणली. मी ती हातातून हिसकावून घेतली, कारण स्पिरिटची ज्वाळा उजेडात धड दिसतही नाही, आणि धुमसत्या कोळशावर ते ओतलं तर आग धारेवरून बाटलीत शिरते. मग आम्ही वर्तमानपत्राचे बोळे जाळले. कोळसा पावसाळ्यापासून दुकानात पडलेला, ओल धरलेला. तडतड उडायला लागला. लाकूड जेमतेम हवेत जाळून त्यातलं पाणी आणि धूर आधीच काढून टाकलेला असतो, म्हणून कोळसा पुढे बिनधुराचा जळतो. पण तो स्पंजासारखा असतो, किनाऱ्यावरची दमट हवा पुन्हा पिऊन बसतो. हे मला पाठ होतं. पोतं उन्हात घालायचं मात्र सुचलं नाही.

आणि वारा. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून वारा समुद्राकडून येतो, रात्री जमीन लवकर निवते म्हणून उलटा फिरतो. परीक्षेत आकृतीसकट पैकीच्या पैकी गुण. त्या संध्याकाळी तोच खारा वारा बार्बेक्यूच्या भोकांतून असा शिरत होता की भात्याची गरज पडू नये. कोळसा एकदाचा पेटला तेव्हा वीतभर ज्वाळा निघायला लागल्या. आम्हाला वाटलं, झालं काम. भूक लागलेली, फोन फोटो काढायला तयार. बांगडे चढवले.

बांगडे मी तव्यावरच्या सवयीने रवा लावून आणले होते. रवा भोकांतून खाली गळला आणि जळाला. जाळी वरून गार, खालून ज्वाळा. कातडं जाळीला असं धरलं की उलटताना मासा जागीच राहिला आणि हातात काटा आला. जे सुटले ते बाहेरून काळे ठिक्कर, आतून गुलाबी. नागपूरकराला तसंही काट्यांचं भय. त्याने एका बाजूचा पाव भाग खाऊन "मस्त आहे" म्हटलं. मैत्रीत एवढं चालतं.

रात्री अकराला उरलेल्या कोळशावर मी पायाने वाळू ढकलली. छान विझलं असं वाटलं. साडेतीनला लघवीला उठलो, अनवाणी, अंधारात, आणि उजवी टाच नेमकी तिथेच टेकली.

त्या क्षणाचं वर्णन करण्यासारखं काही नाही. मी ओरडलो एवढंच आठवतं. समुद्रापर्यंत एका पायावर उड्या मारत गेलो आणि लाटेत बसून राहिलो. टाचेवर रुपयाएवढा फोड आला. वरची वाळू हाताला थंड लागत होती आणि दोन बोटांखाली निखारे जसेच्या तसे लाल होते.

*

सकाळी सहाच्या सुमारास रापणवाले आले. ज्यांनी रापण ओढताना पाहिली नाही त्यांनी कधीतरी पहाटे उठून बघावी. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल टाकत जातात, दोन्ही टोकं किनाऱ्यावर राहतात, आणि दोन बाजूंना माणसांच्या दोन रांगा ती टोकं ओढत हळूहळू जवळ येतात. बाप, मुलगा, शेजारी, कुणाचा पाहुणा, सगळे. जो हात लावेल त्याला वाटा. आम्हीही दोर धरला. मी लंगडत होतो. पुढचे म्हातारे गृहस्थ मागे न बघताच म्हणाले, "पायाक काय झाला?"

सांगितलं. त्यांनी दोर दुसऱ्याच्या हाती दिला, आमच्या राखेच्या जागेपाशी गेले, तळपाय वाळूच्या वर वीतभर धरून हलवत राहिले, जसं आपण तव्यावर हात धरतो तसं. मग एक डबा उचलून समुद्राचं पाणी आणलं आणि ओतलं. चर्र करून वाफ आली. रात्री अकरापासून सकाळी सहापर्यंत! दुसरा डबा ओतून, काठीने ढवळून, तिसरा ओतून ते परत दोरावर आले.

"रेव घातलंस तर इस्तव निजता, मरत नाय. पाणी घालूचा."

मी मान डोलावली. नंतर दिवसभर एकच गोष्ट मनात घोळत होती. माझी टाच भाजली ते ठीकच झालं. त्या जागेवरून तासाभरात तीस-चाळीस अनवाणी पाय जाणार होते, त्यांत दोन शाळकरी मुलंही होती. मी रात्री वाळूखाली लपवून ठेवलेली वस्तू त्यांच्यापैकी कुणाच्या तरी पायाखाली येणार होती.

जाळ्यात बांगडे बऱ्यापैकी होते, तारल्या, थोडे सौंदाळे. गृहस्थांनी आमच्या वाट्याचे म्हणून सात बांगडे पिशवीत घातले. पैसे घेईनात. मी दोर जेमतेम वीस मिनिटं धरला होता आणि त्यातली दहा मिनिटं लंगडण्यात गेली होती.

*

दुपारी आणखी एक पराक्रम झाला, तो मात्र माझा नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी आमच्याकडे काजूचे पहिले बोंडू पिकायला लागतात. कोल्हापूरकराने बागेच्या कडेला पडलेले वेचले, खालच्या बिया पिळून काढल्या आणि आमच्या नकळत पेटत्या बार्बेक्यूच्या जाळीवर मांडल्या. भाजलेले काजू, ताजे, समुद्रकिनारी. कल्पना वाईट नव्हती.

काजूच्या टरफलात तेल असतं, जहाल. अंगाला लागलं तर कातडी सोलते. आम्ही लहानपणी दर शिमग्याला ओठ आणि बोटं काळी करून शाळेत जायचो. बिया भाजायच्या तर घरापासून लांब, भोकं पाडलेल्या जुन्या पत्र्याच्या डब्यात, लांब काठीने हलवत. ते तेल पेट घेतं, भडका उठतो, काळा धूर निघतो, आणि भडका ऐन रंगात आला की डबा मातीत उलटा करून आग मोडायची. ते काम आजीचं. आम्हा पोरांना तिने दहा हात लांब उभं केलेलं असायचं आणि फोडून झाल्यावर प्रत्येकी मोजून पाच गर मिळायचे.

इथे बिया जाळीवर, तेल थेंब थेंब निखाऱ्यावर. पहिला "फस्स" आवाज आला तेव्हा तो हसत होता. मग चार बिया एकदम पेटल्या, एकीने पिचकारी मारली, आणि धुराचा लोट सरळ आमच्या तोंडावर. डोळे, नाक, घसा, सगळं पेटलं. तिघेही खोकत पाण्याकडे पळालो. परत आलो तेव्हा जाळीवर काळं, चिकट, चकचकीत काहीतरी जमलं होतं. ती जाळी आता खाण्याच्या कामाची नव्हती. निदान त्या दिवशी तरी नाही. वाळूने घासून, साबणाने घासून मी सोडून दिली.

संध्याकाळ. सात ताजे बांगडे, अर्धं पोतं कोळसा, बिनजाळीचा बार्बेक्यू.

काकीला फोन करायची लाज वाटत होती. मामेभावाने परस्परच केला.

*

ती त्याच्या स्कूटरवर मागे बसून आली, मांडीवर पिशवी. पिशवीत दोन करवंट्या (आमच्याकडे करटी), थोडं सोडण (नारळाची सालं), कापराची डबी, केळीची पानं, आगळाची (कोकमाच्या आंबट रसाची) बाटली, आणि जुन्या पेपरात गुंडाळलेला एक खारा बांगडा. तो कशाला हे तिने सांगितलं नाही.

आधी तिने बार्बेक्यूतली राख झटकली. मग सोडणाच्या काथ्याची चुंबळ करून तळाला ठेवली, त्यावर कापराच्या दोन वड्या, वर करवंटी पालथी. करवंटीच्या तीन डोळ्यांपैकी एक फोडलेला होता, तो वर. काडी लावली. कापूर पेटला, काथ्याने धरलं आणि ज्वाळा त्या एका डोळ्यातून वर यायला लागली, चुलीच्या बोळकांडीतून यावी तशी. आम्ही रात्री तासभर वर्तमानपत्र फुंकत बसलो होतो. काकीने भोवती कोळसा रचला आणि हात पुसून बसली.

"आता?" नागपूरकराने विचारलं.

"आता काय नाय. जाळ आसा तवसर मासळी लावू नको."

म्हणून आम्ही बसलो. दुपारचा वारा पडायला आला होता. उगीच बसवेना म्हणून मी मित्रांना गोष्ट सांगितली. बार्बेक्यू हा शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा, स्पॅनिश लोकांनी उचललेला. त्यांच्याकडे काठ्यांचा उंच मांचा करून त्याखाली आग घालायचे आणि वर मांस, मासे ठेवायचे. काकी ऐकत होती. आमच्या जुन्या घरात चुलीवर बांबूची जाळी टांगलेली असायची, पावसात तिच्यावर कोकमं आणि सुकी मासळी ठेवलेली असायची. ती म्हणाली, "तसाच मां." मी म्हटलं, हो, तसंच. मग दुसरी गोष्ट. शिकागोकडे जॉर्ज स्टीफन नावाचा एक माणूस पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये बनवणाऱ्या कारखान्यात होता. उघड्या शेगडीवर वाऱ्या-पावसाने त्रास व्हायचा म्हणून त्याने 1952 साली एक बोया मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले, वरच्या अर्ध्याचं झाकण केलं. जगभर आज जी गोल झाकणाची बार्बेक्यू मिळते ती त्यातून आली. कोल्हापूरकर वळून किनाऱ्यावर पडलेल्या रापणीच्या प्लॅस्टिक बोयांकडे बघायला लागला. मनात काहीतरी शिजत असणार. त्याचं काजूप्रकरण आठवून मी विषय तिथेच तोडला.

वीस-पंचवीस मिनिटांनी ज्वाळा बसली. कोळसे काळे होते ते कडेने करडे झाले, मग दुधावर साय धरावी तशी सगळ्यांवर पांढुरकी राख धरली. अंधारात त्या सायीखाली लाल श्वास घेतल्यासारखं दिसत होतं. मी काल रात्री हीच अवस्था "कोळसा संपला" समजून वाळू लोटली होती. काकीने चिमट्याने निखारे एका बाजूला लोटून ढीग केला, दुसरी बाजू जवळजवळ मोकळी ठेवली. आच मोजायला हात धरला नाही, गाल पुढे नेला, भाकरी शेकताना नेते तसा.

बांगड्यांना तिरक्या चिरा दिलेल्या. मीठ, हळद, मसाला, लसूण आणि आगळ, रवा नाही. प्रत्येक मासा केळीच्या पानात, पान आधी निखाऱ्यावर फिरवून नरम केलेलं, म्हणजे दुमडताना फाटत नाही. केळीच्याच सोपटाने बांधलेले ते पुडके तिने मोकळ्या बाजूला, निखाऱ्यांच्या लगत, राखेवरच ठेवले. जाळी हवीच कशाला?

पान आधी हिरवं राहतं, मग पिवळट, मग कडा काळ्या पडून तडकतात आणि आतला रस फसफसायला लागतो. वास आला. जळक्या पानाचा, लसणाचा, आगळाचा. मग उलटले. मग आणखी थोडं. मित्रांना घाई झाली होती, तिला नव्हती. सुरूच्या झाडांतून वाऱ्याची दिशा बदलल्याचं आधी आवाजावरून कळलं. धूर इतका वेळ आमच्याकडे येत होता तो समुद्राकडे जायला लागला. मतलई वारा. इतकी वर्षं पाठ असलेली गोष्ट मी पहिल्यांदा तोंडावर अनुभवत होतो. काकी न बघताच चार बोटं सरकून बसली.

पुडकं उघडल्यावर कातडं पानाला चिकटून निघालं आणि खाली पांढरं शुभ्र मांस, काट्यापासून आपोआप सुटलेलं. नागपूरकराने दोन खाल्ले. काट्यांचं नाव काढलं नाही.

आणि मग तिने तो खारा बांगडा काढला. तसाच, कसलीही तयारी न करता, थेट निखाऱ्यावर ठेवला. मिठाचे कण तडतडले, कडा वळल्या. चिमट्याने उलटला. तो वास मी ओळखला आणि घशात काहीतरी आलं.

1 जून ते 31 जुलै आमच्याकडे यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. लहानपणी त्या दोन महिन्यांत दुपारी उकड्या तांदळाची पेज आणि खारा बांगडा भाजलेला, हेच जेवण. पागोळ्या गळतायत, न्हाणीपाशी आजी लोखंडी शेगडी घेऊन बसली आहे, चिमट्यात बांगडा, आणि आम्ही पोरं ताटं घेऊन रांगेत. भाजला की पाट्यावर ठेवून वरवंट्याने हलकेच ठेचायचा, कांदा, खोबरं, खोबरेल तेलाचे चार थेंब. घरात 1994 साली गॅस आला. त्यावर खारा बांगडा भाजता येतो असं कुणी म्हणतं, पण तो गॅसवर नुसता तापतो. शेगडी आधी मागच्या पडवीत गेली, मग गोठ्यात, मग भंगारवाल्याच्या हातगाडीवर. ती जाताना मी तिथेच होतो. दीडशे रुपये मिळाले होते आणि मी त्यांचं काय केलं तेही आठवतं. क्रिकेटचा बॉल.

काकीने बांगडा मोडून सगळ्यांना एकेक तुकडा दिला. मित्रांनी तोंडात घालून चेहरे वेडेवाकडे केले, मीठ फार. मी उरलेला सगळा संपवला.

*

मामेभाऊ तिला घरी सोडायला गेला. आम्ही उरलो, आणि मच्छर. बाग जवळ असली की दहानंतर ते टोळीने येतात. कोल्हापूरकर म्हणाला, निखारे अजून चांगले आहेत, वर थोडा कडुनिंबाचा पाला टाकून बार्बेक्यू तंबूत घेऊ या, चेन लावून. पाच मिनिटांत साफ.

त्या दोन दिवसांत मी पहिल्यांदा कुणावर आवाज चढवला. कोळशाच्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, धूर दिसत नसला तरी तो निघत असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणजे बंद तंबूत माणूस श्वास घेत राहतो आणि आत काही पोचत नाही. आधी डोकं दुखतं, मग सुस्ती येते, आणि झोपलेल्या माणसाला सुस्ती कळणार कशी? तंबूत तर नाहीच, तंबूच्या दारात पण नाही. विझत आलेला तर मुळीच नाही, कारण धुमसताना हा वायू जास्त निघतो. तो थोडा दुखावला. मी समुद्राचं पाणी आणून तीन डबे ओतले, काठीने ढवळलं, हात लावून पाहिलं, आणखी एक ओतला. मच्छर चावले.

सकाळी निघताना बार्बेक्यू गाडीत घातला तर अख्खी गाडी काजूच्या धुराने आणि बांगड्याने घमघमली. पुण्यापर्यंत हा वास नेणं शक्य नव्हतं. काकीकडे मागच्या पडवीत ठेवून आलो. जाळी तिने बाहेरच काढून ठेवली, पेरूच्या झाडाला टेकवून.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात धाकटीला मुलगी झाली. मी फोन केला तेव्हा मागे पाऊस इतका होता की काकी ओरडून बोलत होती. बाळ बरं आहे, आई बरी आहे, वजन चांगलं आहे. मग म्हणाली, शेक-शेगडी सुरू आहे. ओवा, बाळंतशेपा, लसणीची सालं, सगळं मिळालं. शेगडी मात्र कुणाकडे मिळत नव्हती, अख्ख्या वाडीत एक नाही.

"मग?"

"मग काय, तुझी ती आसा मां. बरी आसा. पाय मिटतत, बाजेखाली बरोबर ऱ्हवता."

बाजेखाली. पावसाळ्यात, बाळंतिणीच्या खोलीत, दार लोटलेलं, कोनाड्याएवढी खिडकी. माझ्या पोटात गोळा आला.

"काकी, खिडकी उघडी ठेवतेस ना? दार? कोळसा लालभडक झाल्यावरच आत नेतेस ना? रात्री बाहेर काढतेस?"

पलीकडे थोडा वेळ नुसता पाऊस.

"दार सताड उघडा आसा, खिडकी पण. पाच मिनटां शेक, मगे भायर. धुरी माजघरात घालतंय. ह्यो कोळसो काय माका आज भेटलो?" मग आवाज जरा खाली आला. "पण तुका काय विचारूचा होता. त्या जाळयेचा काय करू? पेराखाली गंजता हा."

मागे बाळ शिंकलं. काकी फोन तसाच ठेवून तिकडे गेली.